खजिन्याची वाटणी

2016 साली फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ तीन सोन्याची नाणी समुद्राच्या तळावर नेऊन ठेवण्यात आली. नाणी अस्सल होती, 1715 साली तिथेच फुटलेल्या स्पॅनिश ताफ्यातली. पण ती आदल्या वर्षीच वर आली होती आणि सरकारी नोंदीपासून लपवून ठेवलेली होती. बुडीत माल शोधण्याच्या धंद्यात नव्याने पैसे घालणाऱ्यांना ती 'सापडावीत', एवढ्यासाठी ती पुन्हा पाण्यात गेली. 2015 च्या त्या शोधात 101 सोन्याची नाणी मिळाली होती. नोंद झाली 51 ची, उरलेली 50 गायब. 2024 मध्ये तपास यंत्रणांनी त्यांतली 37 घरांतून, बँकेच्या लॉकरांतून आणि लिलावांतून परत मिळवली.

ही बातमी जगभर चोरीची गोष्ट म्हणून छापली गेली. लोभी माणूस, सोन्याची नाणी, शेवटी पोलीस. मला त्यात चोरीपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा दिसतो. जी व्यवस्था तीनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाच्या अवशेषांचे दरवर्षी हिस्से पाडते, एक हिस्सा सरकारला आणि बाकीचे कंपनी, पाणबुडे व गुंतवणूकदार यांना देते, तिच्यात वस्तू कुठे सापडली या प्रश्नाला किंमत उरत नाही. किंमत असते ती वस्तू कुणाच्या वाट्याला गेली याला. मग कुणी वाटणीआधीच थोडं बाजूला काढलं, तर नवल ते काय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बुडालेला खजिना सरकारचा की शोधणाऱ्याचा, हा वाद गेली साठ वर्षं अमेरिकेच्या किनाऱ्यावर चालला आहे. तो वाद चुकीच्या जागी उभा आहे. मालक कुणीही असो, जहाजाची वाटणी होता कामा नये. शोधणाऱ्याला रोख पैसे द्या, भरपूर द्या. पण जहाजातून निघालेला माल एकत्र राहिला पाहिजे. तो विकायचा नाही आणि तुकड्यातुकड्यांनी वाटायचाही नाही. खाजगी कंपनी वाईट आणि सरकार चांगलं, असं मी म्हणत नाही. सरकारचेही प्रताप पुढे येतीलच.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याला आणि मेक्सिकोच्या आखाताला समांतर अशी वाळूची लांबच लांब, चिंचोळी बेटं आहेत. भूगोलाच्या पुस्तकांत त्यांना रोधक बेटं म्हणतात. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये उथळ खाजण, आणि बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला, लाटांखाली, वाळूचे एकामागोमाग एक दांडे. खोल पाण्यासाठी बांधलेलं जड जहाज वादळात या बाजूला ढकललं गेलं की ते किनाऱ्याला लागत नाही. ते पहिल्या दांड्यावर आपटतं, तळ फुटतो, लाट त्याला पुढच्या दांड्यावर फेकते आणि नांगर, तोफा, नीरमाचे (जहाज डोलू नये म्हणून तळाशी भरलेले) दगड, पेट्या अशा मैल-दीड मैलाच्या पट्ट्यात विखुरल्या जातात. वाळू त्यांवर चढते, वादळ ती हलवतं, पुन्हा चढते. म्हणून या किनाऱ्यांवर मोठ्या वादळानंतर पुळणीवर नाणी मिळतात, आणि म्हणूनच इथला खजिना खोल समुद्रातल्या खजिन्यासारखा पाणबुड्या यंत्रांचा मोहताज नाही. तो पोहायच्या पाण्यात आहे. सगळ्या भांडणाचं मूळ इतकं साधं आहे: तिथपर्यंत कुणीही पोचू शकतो.

1715 चा ताफा असाच फुटला. स्पॅनिश वारसायुद्ध नुकतंच संपलेलं, राजा पाचव्या फिलिपची तिजोरी रिकामी, वर्षानुवर्षं अडकून पडलेली अमेरिकेतली चांदी माद्रिदला ताबडतोब हवी. 24 जुलैला हवानाहून अकरा स्पॅनिश जहाजं आणि त्यांच्यासोबत एक फ्रेंच जहाज निघालं. वादळांचा मोसम तोंडावर आला असताना. 30 जुलैच्या रात्री आणि 31 च्या पहाटे वादळाने अकराही स्पॅनिश जहाजं आजच्या सेबॅस्टियन ते फोर्ट पिअर्स या पट्ट्यात फोडली. हजारावर माणसं मेली. फ्रेंच जहाज तेवढं वाचलं. वाचलेल्यांनी पुळणीवर तळ ठोकला, हवानाहून मदत आली, आणि पाणबुड्यांना खाली सोडून चांदी वर काढायचं काम सुरू झालं. काही महिन्यांतच हेन्री जेनिंग्ज नावाच्या इंग्रज चाच्याने त्या तळावरच धाड घातली. पाण्यातून काढायचे कष्ट स्पॅनिशांचे, माल याचा. पुढे स्पेनने साधारण निम्मा खजिना वसूल केला आणि नाद सोडला. फिलिपच्या नव्या राणीच्या दागिन्यांची पेटी याच ताफ्यात होती, अशी एक आख्यायिका आहे. गुंतवणूकदार गोळा करायला ती आजही उपयोगी पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नावाच्या बांधकाम करणाऱ्या माणसाला तिथल्या पुळणीवर चांदीची नाणी सापडली. त्याने चिकाटीने जहाजांच्या जागा शोधल्या, मित्रांना घेऊन 'रिअल एट' नावाची कंपनी काढली, राज्य सरकारकडून परवाना मिळवला. करार असा: जे निघेल त्यातला चौथा हिस्सा राज्याचा. आज हा ताफा संघीय न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे आणि राज्याचा हिस्सा जास्तीत जास्त पाचवा. 1963 मध्ये मेल फिशर हा खजिना शोधणारा तिथे आला. त्याच्या चमूने बोटीच्या पंख्यांवर वाकडे, मोठ्या व्यासाचे नळ बसवले, म्हणजे इंजिन चालू केलं की पाण्याचा झोत थेट तळावर. त्याला ते लोक 'मेलबॉक्स' म्हणत. मूळ कल्पना वरचं स्वच्छ पाणी खाली ढकलून दिसायला मदत व्हावी एवढीच होती. प्रत्यक्षात त्याने काही मिनिटांत वाळूत मोठा खड्डा पडू लागला. 1964 साली त्या खड्ड्यांत हजारावर सोन्याची नाणी सापडली.

उत्खननाशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला या यंत्राचं वर्णन वाचून पोटात गोळा येईल. वाळूत सोनं जड, ते जागेवर राहतं. हलकं ते सगळं उडतं: लाकडाची ढलपी, दोरखंड, बिया, हाडं, चामडं. म्हणजे तुम्ही खणायच्या आधीच ठरवून टाकलं की या जहाजात फक्त सोनं आणि चांदी महत्त्वाची होती.

त्या काळातली एक वस्तू मला विसरता येत नाही. याच किनाऱ्यावर एक लांबलचक सोन्याची साखळी सापडली, तिच्या टोकाला ड्रॅगनच्या आकाराचा सोन्याचा लटकन. त्या लटकनात शिट्टी होती, दातकोरणं होतं आणि कानकोरणंही. बहुधा एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या गळ्यातली. ड्रॅगनच्या पोटात शिट्टी आणि शेपटीकडे कानातला मळ काढायची सोय, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दरबारी दिमाखाचं इतकं नेमकं चित्र आहे की शंभर पानं लिहूनही ते उभं राहायचं नाही. 1967 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती पन्नास हजार डॉलरला विकली गेली. त्याच ताफ्यातून चिनी सम्राट कांगशीच्या काळातली चिनीमातीची भांडी निघाली, काही तर अखंड. मनिलाहून अकापुल्को, तिथून खेचरांच्या पाठीवरून मेक्सिको ओलांडून व्हेराक्रूझ, आणि मग या जहाजात. अर्ध्या जगाचा व्यापार एका वाटीत. ती वाटी तिच्या शेजारच्या पेटीपासून, पेटी तिच्या जहाजापासून तोडली की उरतं ते शोकेसमधलं एक सुंदर भांडं.

सावकाराच्या चोपडीची पानं फाडून भावाभावांत वाटली तर प्रत्येकाकडे कागद येतो, हिशोब कुणाकडेच येत नाही. या किनाऱ्यावर साठ वर्षं तेच चाललं आहे.

आता टेक्सासकडे जाऊ, कारण तिथे याच प्रश्नाचं वेगळं उत्तर निघालं, आणि तेही अपघाताने. पाद्रे बेट हे जगातलं सर्वांत लांब रोधक बेट, सुमारे 180 किलोमीटर. 9 एप्रिल 1554 रोजी व्हेराक्रूझच्या बंदरातून चार जहाजं स्पेनकडे निघाली: सान एस्तेबान, एस्पिरितू सांतो, सांता मारिया दे यसियार आणि सान आंद्रेस. 29 एप्रिलला वादळाने पहिली तीन पाद्रे बेटावर फोडली. चौथं कसंबसं हवानाला पोचलं, पण पुन्हा समुद्रात नेण्याजोगं राहिलं नव्हतं. सान एस्तेबानचा कप्तान काही खलाशांसह होडीने व्हेराक्रूझला गेला. बाकीचे, बायकामुलांसह, आपण मेक्सिकोतल्या पानुकोजवळच आहोत अशा समजुतीने किनाऱ्याने दक्षिणेला चालू लागले. पानुको शेकडो किलोमीटर दूर होतं. उपाशी, तहानलेले, वाटेत स्थानिक टोळ्यांचे हल्ले. जवळजवळ सगळे मेले. मार्कोस दे मेना नावाचा एक डोमिनिकन साधू जबर जखमी झाला, सोबत्यांनी तो मेला असं समजून त्याला वाळूत पुरलं आणि तो उठून चालत गेला, अशी कथा आहे. स्पॅनिशांनी त्याच उन्हाळ्यात मोहीम पाठवून माल काढला, पण निम्म्याहून कमीच हाती लागला.

1967 मध्ये इंडियाना राज्यातल्या प्लॅटोरो नावाच्या कंपनीने एस्पिरितू सांतो शोधून काढलं आणि काही महिन्यांत उपसलं: चांदीची नाणी आणि चकत्या, सोन्याची कांब, सोन्याचा छोटा क्रूस, आडधनुष्य, अ‍ॅस्ट्रोलेब हे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण. टेक्सासमध्ये याविषयी कायदाच नव्हता. परराज्यातली कंपनी आपल्या किनाऱ्यावरून खजिना घेऊन जाते, या बातमीने टेक्सासचा अभिमान दुखावला. खरं सांगायचं तर वारशाच्या प्रेमापेक्षा तो अभिमानच कामाला आला. राज्याने दावा लावला, आणि 1969 साली टेक्सासचा पुरावस्तू कायदा झाला. खटला रखडत रखडत 1984 पर्यंत चालला. शेवटी तडजोड झाली: वस्तू सगळ्या राज्याकडे, कंपनीला सुमारे तीन लाख डॉलर. सतरा वर्षं वकिलांची घरं चालवल्यावर दोघेही तिथे पोचले, जिथे पहिल्या दिवशी पोचता आलं असतं.

मधल्या काळात राज्याच्या पुरावस्तू समितीने सान एस्तेबानचं स्वतः उत्खनन केलं, 1972 पासून काही हंगाम. इथे मेलबॉक्स नव्हे, मोजमाप होतं. कुठली वस्तू कुठे, कशाशेजारी, किती खोल, याच्या नोंदी. लोखंड समुद्रात शतकानुशतकं राहिलं की त्याच्याभोवती वाळू-शिंपल्यांचं दगडासारखं कवच तयार होतं आणि आतलं लोखंड हळूहळू विरघळून जातं. खजिना शोधणारा असा गोळा हातोड्याने फोडतो, आत नाणी आहेत का बघायला. टेक्सासच्या प्रयोगशाळेत त्या गोळ्यांचे आधी एक्स-रे काढले गेले. जिथे लोखंड पूर्ण गेलं होतं तिथे आतल्या पोकळीत राळ ओतून मूळ हत्याराची हुबेहूब प्रतिकृती मिळवली गेली. म्हणजे अस्तित्वातच नसलेली वस्तू त्यांनी परत आणली. जहाजाच्या कण्याचा मागचा भागही मिळाला. सोळाव्या शतकाच्या मध्यात स्पॅनिश सुतार जहाज कसं बांधत होते, हे सांगणारी लाकडं तोवर जगात फार थोडी होती.

आणि मेक्सिको. या जहाजांच्या मालात ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची पाती आहेत आणि पायराइटचा घासून आरशासारखा केलेला तुकडाही. दोन्ही मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या हातची कारागिरी. अ‍ॅझ्टेकांची राजधानी टेनोच्टिटलान पडून तेहतीस वर्षं झाली होती आणि स्पेनला निघालेल्या कुणाच्या तरी सामानात ही पाती होती. हौस म्हणून, की रोजच्या वापराला? पोलादाच्या सुऱ्या महाग असणाऱ्या वसाहतीत काचेचं धारदार पातं वापरणं अगदी शक्य आहे. लिलावात अशा पात्याला भाव नाही. ज्याचा हिस्सा वजनाने आणि बाजारभावाने ठरतो तो ते उचलणारही नाही. आज हा सगळा संग्रह कॉर्पस क्रिस्टीच्या संग्रहालयाकडे एकत्र आहे.

आता विरोधी बाजू ऐकू, कारण ती पोकळ नाही.

पहिला मुद्दा: खाजगी शोधक नसते तर ही जहाजं सापडलीच नसती. खरं आहे. वॅग्नर शोधक होता आणि प्लॅटोरोही. सरकारी पुरातत्त्व खात्यांनी दोन्ही किनाऱ्यांवर बराच काळ काही केलं नव्हतं. म्हणूनच मी मोबदल्याच्या बाजूने आहे. पण शोधणं आणि खणणं ही दोन कामं आहेत. शोधलं, कळवलं, पैसे घेतले, एवढ्यावर शोधकाचं काम संपायला काय हरकत आहे? तिथे हरकत निघते ती एकाच कारणाने: गुंतवणूकदाराला मोबदला नको असतो, त्याला हवा असतो जुगार.

दुसरा मुद्दा सरकारच्या बेफिकिरीचा, आणि त्याचा पुरावा माझ्याच आवडत्या पाद्रे बेटावर आहे. तीन जहाजांतलं सांता मारिया दे यसियार कुठे गेलं? 1950 च्या दशकात बेट कापून मॅन्सफील्डचा जलमार्ग खोदला गेला आणि ते जहाज त्या खोदाईत नष्ट झालं, असं संशोधक मानतात. कुठल्या खजिनाचोराने नव्हे, सार्वजनिक पैशाच्या सार्वजनिक कामाने. त्यामुळे 'सरकारच्या ताब्यात द्या, सुरक्षित राहील' असं कुणी म्हणालं की मी मान हलवत नाही. पण त्यावरचा उपाय खोदाईआधी पाहणी सक्तीची करणं हा आहे. सरकारने एक जहाज घालवलं म्हणून दुसरं कंपनीला वाटून खायला देणं, हा हिशोब मला समजलेला नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत दमदार आहे आणि पुरातत्त्वज्ञ तो टाळतात. एकाच टांकसाळीची, एकसारखी हजारो नाणी संग्रहालयाला कशाला हवीत? शंभर ठेवा, बाकी विका, त्या पैशांतून संवर्धन करा. ऐकायला हे इतकं व्यवहारी वाटतं की बरेच समंजस लोक इथे गळाला लागतात. पण या ताफ्यांविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न आठवा: चोरटा माल किती होता? राजाचा पंचमांश, म्हणजे चांदीवरचा कर, चुकवण्यासाठी नोंदवहीत न दाखवलेली चांदी प्रत्येक ताफ्यात असे. किती, हे कळायला स्पॅनिश दफ्तरातली नोंद आणि समुद्रतळावरचा खरा माल एकमेकांशी ताडून पाहायला हवा. कुठल्या पेटीत कुठल्या टांकसाळीची, कुठल्या पारख्याच्या खुणेची नाणी एकत्र होती, तेही. सोळाव्या-अठराव्या शतकातलं हाताने ठोकलेलं नाणं दुसऱ्यासारखं नसतंच; प्रत्येकावर ठशाची झीज वेगळी. त्या झिजेवरून टांकसाळीच्या कामाचा क्रम लावता येतो. हे सगळं शंभर नमुन्यांवर होत नाही. आणि 2016 ची ती तीन नाणी आठवा. ज्या ताफ्यातली नाणी कुणीही कुठेही नेऊन ठेवू शकतो, त्या ताफ्याच्या नकाशावर यापुढे कुठल्या अभ्यासकाने विसंबायचं?

'समुद्र नाहीतरी सगळं खातोच' या चौथ्या मुद्द्यावर मी फार वेळ घेणार नाही. वाळूखाली गाडलेलं लाकूड हवेअभावी टिकतं. उघडं पडलं की जहाजकिडा ते खातो. मिठाने भरलेली लोखंडी तोफ बाहेर काढून नुसती उन्हात ठेवली तर भुगा होते. तिच्यातलं मीठ काढायला वर्षं लागतात. त्यामुळे घाईने वर काढणं हेच अनेकदा सर्वांत मोठं नुकसान.

फ्लोरिडाने स्वतःच वेगळा रस्ताही दाखवला आहे, हे विशेष. 1715 च्या ताफ्यातलंच उर्का दे लिमा हे जहाज फोर्ट पिअर्सच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आहे. 1987 साली राज्याने ते आपलं पहिलं पाण्याखालचं पुरातत्त्वीय राखीव क्षेत्र केलं. कुणीही पोहत जाऊन पाहावं. न्यायचं काही नाही. तेच वादळ, तोच ताफा, तोच किनारा, आणि काही मैलांवर हिस्सेवाटप. पेन्साकोलाच्या उपसागरात 1559 च्या वादळात बुडालेलं त्रिस्तान दे लूना या स्पॅनिश सरदाराच्या ताफ्यातलं जहाज 1992 मध्ये राज्याच्याच पुरातत्त्वज्ञांना सापडलं. सोनं जवळजवळ शून्य. मिळालं काय? ऑलिव्हच्या बिया, उंदरांची हाडं, झुरळांचे अवशेष आणि कुणा खलाशाने लाकडात कोरलेली जहाजाची छोटी आकृती. सोळाव्या शतकात जहाजावर माणसं कशी राहत, हे कळायला मला यापेक्षा श्रीमंत खजिना माहीत नाही.

कायद्याने काय केलं? 1988 साली अमेरिकेत बेवारस जहाजांचा कायदा लागू झाला आणि राज्यांच्या समुद्रतळात रुतलेल्या जहाजांवर राज्यांची मालकी आली. 'ज्याला सापडलं त्याचं' हे तत्त्व तिथे बंद. पण आधीपासून न्यायालयात असलेल्या दाव्यांना हात लावलेला नाही, आणि 1715 चा ताफा त्या आधीपासून न्यायालयात होता. म्हणून तिथे अजून वाटणी चालते. व्हर्जिनियाच्या अ‍ॅसॅटीग या रोधक बेटाजवळ ला गाल्गा (1750) आणि हुनो (1802) या स्पॅनिश युद्धनौका बुडाल्या. एका खाजगी कंपनीने त्यांवर दावा सांगितला, राज्याने तिला परवाना दिला, आणि मग स्पेन स्वतः न्यायालयात उभा राहिला. 2000 साली अपील न्यायालयाने निकाल दिला: स्पेनने या नौका सोडलेल्या नाहीत, त्या स्पेनच्याच. अमेरिकन सरकार या खटल्यात स्पेनच्या बाजूने होतं. का, हे उघड आहे. अमेरिकेच्या स्वतःच्या युद्धनौका जगभरच्या समुद्रांत पडल्या आहेत. तिथल्या प्रसिद्ध रानटी तट्टांचे पूर्वज ला गाल्गातूनच पोहत आले असं लोक सांगतात. त्यांच्यावर मात्र कुणी हक्क सांगितला नाही.

स्पेनला मालक ठरवणं मला पूर्ण पटत नाही. 2007 मध्ये मेर्सेदेस या बुडालेल्या स्पॅनिश नौकेतून एका अमेरिकन कंपनीने सुमारे सतरा टन नाणी काढली. 2012 मध्ये ती न्यायालयाच्या आदेशाने स्पेनला परत गेली. ती चांदी ज्या डोंगरांतून निघाली, नाणी जिथे पाडली गेली, त्या बाजूने पेरूनेही दावा केला होता. तो फेटाळला गेला. पोतोसीच्या खाणींत सक्तीने राबून मेलेल्या माणसांच्या वारसांना कुठल्याच सागरी कायद्यात जागा नाही. हा अन्याय आहे. तरीही मी मेर्सेदेसचा निकाल फ्लोरिडाच्या वाटणीपेक्षा बरा मानतो, कारण तो साठा आज स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या संग्रहालयाकडे एकत्र आहे. पेरूचा अभ्यासक तिथे जाऊन मागणी करू शकतो, उद्या दोन देश करार करू शकतात. पाच हजार खाजगी कपाटांत गेलेल्या नाण्यांशी करार कोण करणार?

मराठी वाचकाला हे सगळं परक्याचं वाटायचं कारण नाही. मेक्सिको आणि पेरूची चांदी युरोपात थांबत नसे. कापूस, नीळ, मिरी यांच्या बदल्यात ती सुरतेला उतरे, सराफांच्या हातून मुघल टांकसाळीत जाई आणि वितळून रुपये होऊन बाहेर पडे. त्या रुपयांत दख्खनचा व्यवहारही चाले. आणि फुटलेली जहाजं आपल्याही किनाऱ्यावर आहेत. गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, पोर्तुगीज व्यापारातलं जहाज तपासलं: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, मर्तबान बरण्या, लोखंडी तोफा. आफ्रिका ते चीन असा सगळा हिंदी महासागर एका खडकाच्या कपारीत.

उद्या कोकणात किंवा गोव्यात एखादी कंपनी सोनार (ध्वनिलहरींनी समुद्रतळ धुंडाळणारी) यंत्रं आणि हिश्श्याचा प्रस्ताव घेऊन आली, तर आपल्याकडे काय आहे? 1878 चा गुप्तधनाचा कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मालक सापडला नाही तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जागामालकाचा. म्हणजे इथेही वाटणीच. पण त्याच कायद्यात सरकारला सगळं विकत घ्यायची मुभा आहे: वस्तूच्या द्रव्याची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन. रोख मोबदला आणि अखंड संग्रह, मी मागतो ते दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. अडचणी दोन. किंमत धातूची धरली आहे, वस्तूची नाही. वितळवल्यावर मिळेल त्याहून पाचवा भाग जास्त घेण्यासाठी कलेक्टर कचेरीत खेटे कोण घालेल? तो हंडा गुपचूप सोनाराकडेच जाणार. आणि व्याख्या आहे जमिनीत दडलेल्या धनाची. समुद्राचा तळ तिच्यात आहे असं सरळ म्हणता येत नाही. या दोन जागी दुरुस्ती करायला टेक्सासप्रमाणे आधी एक जहाज लुटलं जाण्याची वाट पाहायची गरज नाही. मोबदला वस्तूच्या ऐतिहासिक मोलाने ठरवा, प्रादेशिक समुद्राचा तळ व्याख्येत घ्या, आणि हिस्सेवाटपाची कलमं बुडालेल्या जहाजांना लागू होणार नाहीत असं त्याच दुरुस्तीत लिहून टाका.